सरोजाबाई कंडक्टर, गोलकीपर

सरोजा बसलेली मी कधी पाहिलीच नाही. खोटं वाटेल, पण बारा वर्षांच्या शेजारात ही बाई माझ्या घरी एकदासुद्धा खुर्चीला टेकली नाही. आत यायची, स्वयंपाकघराच्या दारात पाय फाकून उभी राहायची आणि उभ्या उभ्याच कॉफी प्यायची. "बस की ग जरा," म्हटलं तर म्हणायची, "नको आत्या, बसायची सवय लागली तर दोन्ही नोकऱ्या जातील."

दोन नोकऱ्या कुठल्या, ते सांगते. पहाटेपासून दुपारपर्यंत ती सरकारी बसवर कंडक्टर. म्हैसूरहून निघायचं, हुणसूर, पिरियापट्टण, बैलकुप्पे करत कुशालनगरला जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. आणि दुपारी चार वाजता खाकी शर्ट उतरला, की ती आमच्या भागातल्या बायकांच्या फुटबॉल क्लबची गोलकीपर. ह्या दुसऱ्या नोकरीचा पगार कुणी देत नव्हतं, पण तिच्यासाठी पहिल्या नोकरीतल्या सगळ्या रजा मात्र खर्ची पडायच्या. वय अडतीस. गुडघ्याला पट्टा. केसांचा अंबाडा इतका घट्ट, की भुवया वर ओढलेल्या दिसायच्या आणि ती कायम कुणावर तरी चकित झाल्यासारखी वाटायची.

मी तिला आधी ऐकली आणि मग पाहिली. त्याच रस्त्यावर, म्हैसूरच्या वेशीपाशी हिनकलला माझी बहीण राहते. तिच्याकडून परत येताना बसमध्ये चढले, तर आत मुंगीला जागा नाही. त्या रस्त्यावर हे रोजचंच. आणि त्या गर्दीच्या पोटातून आवाज आला, "मुंदे होग्री! मुंदे होग्री! पुढे सरका! पुढे सगळं मैदान रिकामं आहे, इथं काय लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे चिकटलाय?" गर्दी खरंच पुढे सरकली हो. माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "अग बाई, काय हा आवाज!" तशी ती खांद्यांच्या मधून डोकं काढून म्हणाली, "आत्या, तुम्ही आमच्यातल्या? मग इकडं या." आमच्यातल्या म्हणजे जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठी घरांतल्या. घरात मराठी बोलतो आम्ही, पण त्यातली अर्धी कानडी. नंतर कळलं, चामराजपुरमला आमच्या मागच्या घरात गेल्याच आठवड्यात जे नवीन बिऱ्हाड आलं होतं, ते हिचंच.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. बस वळणं घेत होती, ब्रेक मारत होती, आम्ही सगळे दांड्यांना लोंबकळत होतो आणि ही बया मधोमध कशालाही न धरता उभी. मी विचारलं, तर म्हणाली, "धरलं की हात अडकतो आत्या. मग तिकीट कोण फाडणार?" गोलातही तिचं हेच शास्त्र होतं. "पाय सैल, डोळा दारावर. कोण चढणार, कोण उतरणार आणि कोण नुसतीच दारात लटकणार, हे आधीच ओळखायचं." समोरच्या संघातल्या पोरींना ती ह्याच तीन नावांनी ओळखायची. चढणारी म्हणजे सरळ गोलावर येणारी. उतरणारी म्हणजे चेंडू दुसरीला देणारी. आणि लटकणारी सगळ्यांत वाईट, ती उगाच बाजूला रेंगाळते आणि शेवटच्या क्षणी आत घुसते. गोलाच्या दोन खांबांनाही तिनं नावं ठेवलेली, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. खेळ सुरू व्हायच्या आधी दोघींच्या पाठीवर थाप मारायची आणि मराठीतून सांगायची, "सांभाळून घ्या ग बायांनो." चेंडू खांबाला लागून परत आला, की त्या रात्री माझ्या दारात उभी राहून सांगणार, "आज थोरलीनं वाचवलं. धाकटी मेली नुसती बघत राहिली!"

मला फुटबॉलमधलं काय कळणार? पण तिनं एकदा ओढून नेलं आणि मग मीच छत्री घेऊन आधी जाऊन बसायला लागले. घरचे म्हणायचे, ह्या वयात उन्हात काय करता? मी म्हणायचे, तुम्ही टीव्हीसमोर काय करता?

आता 'होल्डान'ची गंमत सांगायला हवी. आमच्याकडचे कंडक्टर बस थांबवायची तर 'होल्डान' ओरडतात आणि सोडायची तर 'रैट, रैट'. सरोजानं हेच दोन शब्द गोलात आणले. तिच्या पुढच्या चौघी बचावाच्या पोरी, मंजू, फातिमा, कावेरी आणि लहान शोभा. 'होल्डान' म्हटलं की चौघींनी जागच्या जागी रांग धरायची, 'रैट' म्हटलं की एकदम पुढे सुटायचं. एकदा हुणसूरकडचा संघ आला होता. त्यांची एक फॉरवर्ड अशी सुटली, की आमच्या चौघी मागे पडल्या आणि पुढे एकटी सरोजा. सरोजा आपल्या पोरींसाठी ओरडली, "होल्डान!" आणि काय सांगू, ती फॉरवर्ड पोरच जागच्या जागी थांबली! जन्मभर त्याच रस्त्याच्या बसमधून शाळेला गेलेली ती. कानावर शब्द पडला आणि पाय आपोआप थांबले. चेंडू एकटाच रडतखडत पुढे आला, तो सरोजानं वाकून उचलला, हरवलेली पिशवी उचलावी तसा.

मग जो गोंधळ झाला! त्यांची कप्तान रेफरीकडे धावली, "सर, ही फसवते आहे." रेफरीनं सरोजाला बोलावलं. "हे काय शब्द?" सरोजा छाती काढून म्हणाली, "माझे नाहीत सर, ड्युटीचे आहेत." रेफरीला हसू आवरेना, तोही बसनंच आला होता. शेवटी त्यानं न्याय केला. समोरच्या पोरीला थांबवायला ओरडणं हा नियमभंग, तेव्हा इथून पुढे नाव घेऊन ओरडायचं. त्या दिवसापासून आमच्या मैदानावर आरोळ्या ऐकू यायच्या, "होल्डान मंजू! होल्डान फातिमा! रैट शोभे, रैट!" रस्त्यानं जाणारे सायकलवाले थांबून इकडंतिकडं बस शोधायचे.

असा सगळा आनंद चालला असताना डोल्मा आली.

बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतली पोरगी, एकोणीस वर्षांची, उंच, सडसडीत. तिथं मावशीच्या स्वेटरच्या दुकानात बसायची आणि आठवड्यातले तीन दिवस सरावाला म्हैसूरला यायची. येणार कुठल्या बसनं? सरोजाच्याच! त्या वेळेला दुसरी बसच नव्हती. म्हणजे बघा, आपल्या जागेवर डोळा ठेवून आलेल्या पोरीला दोन तास आपणच बसमध्ये घालून आणायचं, हिनकलला गर्दी झाली की 'पुढे सरक ग' म्हणायचं आणि चार वाजता मैदानावर तिच्याशीच झुंजायचं.

डोल्माची तऱ्हा सगळी उलटी. मैदानावर बोलायची नाही. गोलात अशी उभी, की हिला कुणी विसरून गेलंय असं वाटावं. आणि चेंडू आला, की हवेत! आडवी! दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. पहिल्यांदा तिला तशी झेप घेताना पाहिलं, तेव्हा मी छत्री टाकून उभी राहिले. सरोजा माझ्या शेजारीच होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

बसमध्ये दोघींचं काय चालायचं, ते मी स्वतः ऐकलंय. सरोजा तिकीट देताना कानडीत म्हणाली, "एवढी उडतेस, तर विमानानं का येत नाहीस? मंडकळ्ळीला विमानतळ आहे."

डोल्मा तिकीट घडी करत शांतपणे म्हणाली, "अक्का, विमान नको. पण तुम्ही गोलातही बसच चालवता. प्रत्येक स्टॉपला थांबता. चेंडू नॉनस्टॉप असतो."

आख्खी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा. सरोजाही हसली, पण उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, ह्या पोरीची जीभ तोंडात नाही, हातमोज्यांत आहे. आलेलं सगळं परत फेकते."

क्लबचे कोच शिवण्णा सर मोठ्या पेचात पडले. ते बोलताना माणसाकडे बघायचे नाहीत, जमिनीकडे बघायचे. त्या मोसमात त्यांनी एक सामना हिला आणि एक तिला दिला. सरोजा असली की चौघी पोरी दोरीत ओवल्यासारख्या राहायच्या, फारसे चेंडू गोलापर्यंत पोचायचेच नाहीत. डोल्मा असली की चौघींची फाटाफूट व्हायची, चेंडू धडाधड यायचे आणि ती सगळे अडवायची. कोण चांगली, कसं ठरवणार? आमच्या ओट्यावर बायकांचे दोन तट पडले. मी सरोजाकडची, हे सांगायला नकोच.

आणि आमचा क्लब फायनलला पोचला! आयुष्यात पहिल्यांदा. सरोजा चौदा वर्षं त्या गोलात उभी होती आणि फायनल म्हणून तिनं कधी पाहिली नव्हती. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी हा गुडघा काय म्हणेल, मला माहीत नाही. ही फायनल मला खेळायचीच आहे. एवढी एकच." तिचा आवाज इतका लहान मी त्याआधी ऐकला नव्हता.

शिवण्णा सरांनी जमिनीकडे बघत नियम सांगितला, "फायनलच्या आठवड्यात चारच्या ठोक्याला जी मैदानावर नसेल, ती खेळणार नाही. मग ती कुणीही असो."

गुरुवारी डोल्मा आली पाचला. मागच्या बसनं. धापा टाकत. सरांनी एक नंबरची जर्सी सरोजाच्या हातात दिली.

संध्याकाळी सरोजा माझ्याकडे आली. मी तिच्यासाठी मुद्दाम शिरा केला होता. ती दारात उभी राहिली, ताटली हातात घेतली आणि नुसती धरून राहिली.

"खा की ग. आता तर झालं ना मनासारखं?"

"पाहिलं होतं मी तिला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"डोल्माला. गल्लीतून पळत येत होती, पिशवी हलवत. ड्रायव्हरच्या आरशात दिसली मला. स्पष्ट. आणि मी दोन शिट्ट्या मारल्या." दोन शिट्ट्या म्हणजे बस सोड.

मी तिची बाजू घेऊन म्हटलं, "वेळ झाली असेल ग. वेळेवर बस सोडणं तुझं कामच आहे."

"वेळ रोजच होते आत्या. रोज थांबवते मी. काठी टेकत येणारी म्हातारी असते, शाळेची पोरं असतात, एक कोंबडीवाला आहे, त्याची तर टोपली चढवून घेईपर्यंत थांबते. आज एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला घड्याळ आठवलं." तिनं ताटली ओट्यावर ठेवली. "गोड नको."

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली आणि सगळ्यांच्या समोर सरांना सांगून टाकलं. मी तिथंच होते. मंजूनं तोंडावर हात ठेवला. शिवण्णा सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून माणसाकडे पाहिलं.

डोल्मा बूट बांधत होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मला आरशात दिसलात, तर तुम्हाला मी दिसणारच की."

"मग काल बोलली का नाहीस?" सर ओरडले.

"उशीर तर झालाच होता ना सर? मी अर्धा मिनिट आधी निघायला हवं होतं. अक्कांचं अक्कांनी सांगावं, म्हणून थांबले."

सरोजाचा चेहरा असा झाला, की तिच्या थोबाडीत मारली असती तरी बरं, असं तिला वाटलं असणार.

सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून गोल फिरले. "दोघींनाही घरी घालवलं पाहिजे! पण तिसरी कुठून आणू? मी उभा राहू गोलात?" मग त्यांनी ठरवलं. दहा चेंडू हिला, दहा तिला. मारणार मंजू, क्लबमध्ये सगळ्यांत जोरात मारणारी. जी जास्त अडवेल, ती फायनलला. आत्ता, इथंच.

अय्यो, ती दहा मिनिटं! फिरायला आलेली माणसं थांबली, चुरमुरीवाला गाडी सोडून आला, कुणीतरी शोभाच्या आईला फोन करून बोलावलं. एक चेंडू सरोजाला, एक डोल्माला. सरोजा उडायची नाही, ती चेंडू यायच्या आधीच तिथं असायची. मंजूचा खांदा कुठं झुकतोय, हे ती चौदा वर्षांच्या डोळ्यांनी वाचत होती. "चढणार! चढणार तू मंजू, ये!" आणि चेंडू धप्पकन तिच्या पोटात. डोल्मा नुसती उभी, आणि मग एकदम हवेत. नऊ-नऊ चेंडू झाले, तेव्हा दोघी बरोबरीत होत्या. चुरमुरीवाला म्हणाला, "थोरल्या बाई!" आणि शेजारचा एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "नाही, ती उंच!" दोघांची जुंपली.

सरोजाचा दहावा चेंडू. तिनं मंजूचा खांदा ओळखला, ती बरोबर बाजूला गेली, बोटं लागली, मी स्वतः पाहिलं, बोटं लागली! पण गुडघा मुडपला. चेंडू बोटांवरून निसटून थोरल्या जावेला लागला आणि आत. डोल्माचा दहावा अगदी वरच्या कोपऱ्यात होता. तिनं तो एका हातानं बाहेर घालवला.

तुम्हाला वाटेल, सरोजानं जाऊन तिला मिठी मारली असेल. काही नाही! तिनं उठून थोरल्या जावेला एक सणसणीत लाथ घातली, "ऐन वेळेला सासरची झालीस!" म्हणाली, जर्सी काढून डोल्माच्या अंगावर फेकली आणि तडक घरी. रविवारपर्यंत माझ्याशीसुद्धा धड बोलली नाही. बसमध्ये डोल्माला तिकीट दिलं, तेही खिडकीबाहेर बघत.

शिवण्णा सर मात्र शनिवारी तिच्या घरी आले होते. उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "सरोजा, शेवटची वीस मिनिटं तुझी. शब्द देतो. फायनल तू खेळशील." ती पाठ फिरवून आत गेली. पण त्या रात्री मागच्या अंगणात हातमोजे धुऊन दोरीवर टाकलेले मी पाहिले.

रविवारी फायनल. मोठं मैदान, दोन्ही बाजूंना माणसं. सरोजाच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर ओळीनं आलेले, बैलकुप्पेहून डोल्माची मावशी आणि तिच्याबरोबर पाच-सहा जणी, एक लाल वस्त्रातले लामासुद्धा. मी कुंपणाला लागून आमच्या गोलामागेच जागा धरली.

सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. आमच्या चौघी चार दिशांना. मंजू पुढे धावते, फातिमा मागे राहते, शोभा कुणाकडं बघावं ह्या विचारात. मागून आवाजच नाही ना! डोल्मानं दोन चेंडू अडवले, तिसरा असा अडवला की समोरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पण चौथ्याला त्यांची एक लटकणारी मोकळी सुटली आणि गोल. एक-शून्य.

बाकावरून सरोजा ओरडली, "होल्डान फातिमा!" तिथं उभ्या असलेल्या चौथ्या पंचांनी रेफरीला बोलावून तिला पिवळं कार्ड दाखवायला लावलं, बाकावर बसलेल्यांनी ओरडायचं नाही म्हणे. मी लांबून बघत होते, तिचे ओठ नुसतेच हलत होते. पुन्हा शोभा भलतीकडे गेली, पुन्हा डोल्मा एकटी दोघींच्या पुढ्यात, कसाबसा पायानं चेंडू घालवला.

पुढचं बोलणं मला नंतर शिवण्णा सरांनी सांगितलं. सरोजा उठून त्या पंचांकडे गेली आणि अगदी सभ्यपणे विचारलं,

"सर, मी परत ओरडले तर काय होईल?"

"लाल कार्ड. बाहेर जावं लागेल. आज खेळता येणार नाही."

"बाहेर म्हणजे? तिकडं, लोकांत?"

"हो."

"तिथं ओरडलेलं चालतं?"

पंच गोंधळून म्हणाले, "तिथं सगळेच ओरडतात की."

शिवण्णा सरांनी तिचा दंड धरला. "सरोजा, वीस मिनिटं तुझी आहेत. थांब."

"तोवर तीन गोल खाऊ सर," ती म्हणाली. तिनं हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले, बाकावर. मग पोटातून असा "होल्डान शोभे!" घातला, की रेफरी मैदानाच्या पलीकडून लाल कार्ड काढतच धावत आला.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "अग, हे काय केलंस? तुझी फायनल ना ग ही!" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कुंपणाच्या जाळीत बोटं घातली आणि सुरू झाली. "मंजू, डावीकडं! फातिमा, ती लटकतेय, तिला सोडू नको! होल्डान कावेरी! रैट, आता रैट, सगळ्या रैट!" चौघींच्या माना एकदम सरळ झाल्या हो! दोरा ओढल्यावर चुण्या याव्यात तशी रांग बांधली गेली. डोल्मानं एकदाच मागे वळून जाळीकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. मध्यांतराच्या जरा आधी आमचा गोल झाला. एक-एक.

मध्यांतरात गोल बदलतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आमचा गोल गेला पलीकडच्या टोकाला. सरोजा म्हणाली, "आत्या, चला!" आणि पट्टा बांधलेला गुडघा घेऊन ती पळाली आणि तिच्यामागे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात निऱ्या धरून मी. डेपोतले लोक वाट करून देत होते, "मुंदे होग्री, मुंदे होग्री!" म्हणत. ह्या वयात मी अशी पळेन, असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

पलीकडे जाऊन ती पुन्हा सुरू झाली. अर्धा तास सलग. आणि मग, समोरच्यांना कॉर्नर मिळाला होता, सगळ्या पोरी गोलापुढं दाटलेल्या, सरोजानं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. बसून गेलेला घसा. तिनं माझा दंड असा आवळला, की चार दिवस निळा होता. डोळे मोठे करून मला खुणेनं सांगत होती, तुम्ही ओरडा, तुम्ही! पण मला कुणाचं नाव कुठं घ्यायचं, काय ठाऊक?

आणि तेवढ्यात गोलातून आवाज आला. बारीक, चिरका, जरा फाटलेला.

"होल्डान मंजू! शोभा, मागे! फातिमा, तुझ्या मागची, मागची!"

डोल्मा! डोल्मा ओरडत होती! कानडीत, मध्येच तिच्या भाषेतलं काहीतरी, हातवारे करून, एका पोरीचा खांदा धरून तिला ढकलत. चेंडू उंच आला आणि ती सगळ्यांच्या डोक्यांवरून उठली आणि दोन्ही हातांत. पडली नाही. पायांवर उतरली आणि उतरता उतरताच "रैट! रैट!" करत चेंडू लांब फेकला.

त्याच फेकीवरून आमचा दुसरा गोल झाला. मला तो दिसला नाही, कारण सरोजा मला धरून उड्या मारत होती आणि माझा चष्मा गवतात होता. शेवटच्या मिनिटाला त्यांनी आणखी एक मारला, खाली, अगदी खांबाजवळून. डोल्मा तिथं आधीच होती. उडाली नाही, फक्त वाकली. आणि शिट्टी झाली. आम्ही जिंकलो!

सगळे आत धावले. सरोजाला आत सोडेनात, लाल कार्डवाली ना ती. मग डोल्माच जाळीपाशी आली. मातीनं भरलेली, घामानं चिंब. दोघी जाळीच्या दोन बाजूंना. सरोजा घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "पहिल्या गोलाला डावा हात उशिरा आला तुझा."

डोल्मा म्हणाली, "आला अक्का. तुम्ही असता तर झाला नसता."

"मी असते तर त्यानंतरचे तीन झाले असते," सरोजा म्हणाली. आणि वर, "पण पुढच्या वर्षी होणार नाहीत."

"पुढच्या वर्षी मी असणार," डोल्मा म्हणाली आणि हसत पळाली.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलानं मला पुण्याला आणलं. इथं सगळं आहे. खाली बाग आहे, बसायला बाकं आहेत, बायका छान आहेत. पण कुणी ओरडत नाही.

निघाले त्या दिवशी रिक्षा स्टेशनाकडे जाताना मैदानाजवळून गेली. नव्या मोसमाची निवड चालली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींची लांब रांग, प्रत्येकीच्या पाठीला कागदी नंबर, आणि त्या रांगेत अंबाडा घट्ट बांधलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे लावलेली सरोजा. चौदा वर्षं खेळलेली बाई, कागदी नंबर लावून! तिच्यामागे डोल्मा. शिवण्णा सरांनी दोघींना एकदम पुढे बोलावलं, एकाच गोलात उभं केलं आणि मधोमध एकच चेंडू उंच टाकला. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू रे बाबा. दोघी एकाच वेळी उठल्या, एकमेकींवर आपटल्या, धूळ उडाली, चार हात आणि चार पाय एकत्र जमिनीवर, चेंडू कुठंच दिसेना. आणि त्या ढिगाखालून माझ्या ओळखीचा तो आवाज, घसा पुरा बरा झालेला, रस्त्यापर्यंत ऐकू आला:

"सोड ग! माझा आहे!"